कंठ फुटताना गाणं शिकवायचं कसं? गोव्यातल्या संगीतशिक्षकांसाठी

'सर, चवथीत आरत्या ओरडून ओरडून ह्याचा आवाज गेला. यंदा परीक्षा नको.' भाद्रपद सरला की गोव्यातल्या गाण्याच्या वर्गात कुठल्या ना कुठल्या आईकडून हे वाक्य ऐकायला मिळतंच. मुलगा आठवीत असतो, गेल्या मे महिन्यापर्यंत काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी षड्ज धरून) खणखणीत गात असतो आणि आता मध्यमावर आला की आवाज चिरकतो. आरत्यांनी बसलेला घसा आठवडाभरात सुटतो. इथे महिना उलटला तरी सुटत नाही, कारण घसा बसलेलाच नाही. मुलाचा कंठ फुटतोय.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका आणि मध्यमा या परीक्षा आपल्याकडची बहुतेक मुलं बारा ते पंधरा या वयात देतात, म्हणजे नेमक्या याच काळात. त्यामुळे होतं काय, तर मुलगा 'आवाज परत येईपर्यंत' म्हणून घरी बसतो, मग तबल्याकडे वळतो किंवा फुटबॉलकडे, आणि दोन वर्षांनी भारदस्त आवाज आल्यावर पाहावं तर गाण्याची सवयच गेलेली असते. कान मंदावलेला, बंदिशी विसरलेल्या. आवाज फुटण्यानं गायक वाया जात नाही. त्या दोन वर्षांत गाणं सोडल्यामुळे जातो.

'कंठ फुटेपर्यंत गाऊ नये' हा जुना सल्ला अगदीच बिनबुडाचा नव्हता. तेव्हा शिकवणाऱ्याची पट्टी ठरलेली असायची, मायक्रोफोन नव्हता, आणि मुलानं त्याच पट्टीत भरल्या आवाजात गायचं अशीच अपेक्षा होती. तसं गायचं असेल तर न गाणंच बरं. युरोपातही हा वाद झालाय. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये मान्युएल गार्सिया हे थोर गायनशिक्षक संपूर्ण विश्रांतीच्या बाजूचे होते, तर मोरेल मॅकेंझी हे घशाचे डॉक्टर 'जपून गाऊ द्या' म्हणणारे. आज मुलांच्या आवाजावर काम करणारे बहुतेक शिक्षक मॅकेंझींच्या बाजूनं आहेत: सोयीच्या सुरांत, हलक्या आवाजात, थोडा थोडा वेळ गाणं चालू ठेवावं. खाली जी पद्धत सांगतोय ती याच धोरणाची, फक्त आपल्या पेटी-तंबोऱ्याच्या भाषेत.

आत काय घडतं ते मुलांना सांगा

पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. वयात येताना स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं. मुलांमध्ये ते पुढच्या बाजूला जास्त वाढतं, म्हणून कंठमणी दिसू लागतो. स्वरतंतू लांब होतात आणि जाडही होतात, त्यामुळे बोलण्याचा सूर साधारण एका सप्तकानं खाली येतो. मुलींचे स्वरतंतूही वाढतात, पण कमी. त्यांचा आवाज दोन-तीन पट्ट्याच उतरतो. (या लेखात 'पट्टी' मोजताना काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरल्या आहेत.) वाढ सगळीकडे एकसारखी होत नाही. कूर्चा वाढते, स्नायू मागे राहतात, आणि काल ज्या ताणानं पंचम लागत होता त्याच ताणानं आज दुसरंच काही निघतं. मुलगा बेसूर झालेला नसतो. त्याचा हिशोब चुकत असतो, कारण वाद्यच बदललंय.

मुलग्यांमध्ये हे बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होतं. सगळ्यांत डळमळीत काळ काही महिन्यांचा असतो, कधी वर्षाचा, आणि त्यानंतरही आवाज पक्का व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. जॉन कुकसी या अमेरिकन समूहगान-शिक्षकानं १९७० च्या दशकात या बदलाचे टप्पे मांडले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच: आवाज एका रात्रीत कोसळत नाही, पायरी-पायरीनं उतरतो, आणि मधल्या पायऱ्यांवर त्याचा आवाका आक्रसतो. वरचे सूर आधी जातात, खालचे नंतर येतात. मधल्या मुलाकडे कधी कधी जेमतेम पाच-सहा सूर सुखाचे उरतात. त्या पाच-सहा सुरांत गाणं शिकवता आलं पाहिजे.

पहिलं काम: आवाज मोजा, आणि एकट्याला घेऊन मोजा

वर्ग सुटल्यावर, बाकीची मुलं बाहेर गेल्यावर. चारचौघांत 'गाऊन दाखव बघू' म्हणालात तर मुलगा एक तर पुटपुटेल, नाहीतर मुद्दाम विनोदी आवाज काढेल. दोन्हींतून काही कळत नाही.

त्याला वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणायला सांगा, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात. उलटे का, तर मन आकड्यांत गुंततं आणि तो आवाज लावायला विसरतो. तो म्हणत असताना पेटीवर एक एक पट्टी हळू दाबून त्याच्या बोलण्याचा सूर शोधा. बाराच्या आकड्याच्या आसपास तो सूर स्थिर होतो.

समजा, तेरा वर्षांचा मुलगा आहे. आकडे म्हणताना त्याचा सूर पांढरी पाचवर सापडला. तिथून 'ऊ' वर एक एक पट्टी खाली उतरवा: पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. पांढरी तीनवर आवाज खरखरला आणि त्याखाली नुसती हवा आली. म्हणजे तळ पांढरी तीन. आता वर न्या, पण चढत नव्हे. वरून उतरवत आणा. 'हूऽऽ' असा घुबडासारखा हलका आवाज वर काढायला लावून घसरत खाली आणा आणि तो पोकळ आवाज कुठे भरीव होतो ते ऐका. या मुलाचा भरीव आवाज पुढच्या सप्तकातल्या काळी तीनच्या आसपास सुरू झाला, पण तिथे मान ताठ होत होती, हनुवटी वर जात होती. म्हणून कामाचा माथा त्याच्या बराच खाली, पुढच्या पांढरी दोनला धरायचा. याचा षड्ज पांढरी चारला ठेवला तर मंद्र निषादापासून मध्य धैवतापर्यंत सगळं सुखात येतं. तार षड्ज जबरदस्तीनं येईल, म्हणून मागायचा नाही.

यातून हाती लागणारा अंगठ्याचा नियम असा: बोलण्याचा सूर जिथे सापडतो, षड्ज त्याच्या आसपास ठेवा, फार तर दोन पट्ट्या इकडेतिकडे. आवाजाचा तळ बहुधा बोलण्याच्या सुरापासून तीन-चार पट्ट्या खाली असतो. एका छोट्या वहीत तारीख, बोलण्याचा सूर, तळ, माथा आणि ठरवलेला षड्ज लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. कुठल्याही कारणानं टाळू नये असं या लेखात काही असेल तर ते ही वही. मुलाला ती दाखवा. 'आवाज गेला' म्हणणारा मुलगा स्वतःचा तळ दोन पट्ट्या खाली गेलेला पाहतो तेव्हा त्याला आवाज येतोय हे कळतं.

काही मुलांच्या आवाजात भरीव भाग आणि वरचा पोकळ आवाज यांच्यामध्ये चक्क रिकामी जागा असते. तिथे हवा येते, सूर येत नाही. ती तात्पुरती असते. तिथून ओढत न्यायचं नाही, वळसा घालायचा.

पट्टी कशी उतरवायची

न फुटलेला मुलाचा आवाज काळी पाच किंवा काळी चारमध्ये गातो, मुलींसारखाच. पूर्ण फुटलेला आवाज बहुधा काळी एक ते काळी दोनमध्ये स्थिरावतो. हे अंतर पेटीच्या एकाच सप्तकात उजवीकडून डावीकडे चाललेल्या बोटासारखं आहे: काळी पाच, काळी चार, मग पांढरी चार, मग काळी दोन, मग काळी एक. प्रत्येक मुलगा प्रत्येक थांब्यावर तेवढाच वेळ थांबेल असं नाही. कुणी काळी चारवरून महिन्याभरात थेट काळी दोनला येतो, कुणी पांढरी चारवर वर्ष काढतो. तुम्ही वहीच्या मागे चालायचं, वयाच्या नाही.

अडचण येते ती सप्तकाच्या गोंधळानं. शिक्षिका काळी चारमध्ये 'सा' लावते आणि नुकताच फुटलेला मुलगा तो सूर शोधत शोधत कुठेतरी मधेच लटकतो. त्यानं सप्तकभर खाली गायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गोव्यातल्या शाळांत आणि घरगुती वर्गांत शिकवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो: अशा मुलाला तुमच्या आवाजाबरोबर गायला लावू नका. पेटीवर त्याच्या सप्तकातला सूर द्या, किंवा वरच्या वर्गातल्या फुटलेल्या आवाजाच्या मुलाकडून 'सा' लावून घ्या. पुरुष शिक्षकांची अडचण उलटी. न फुटलेला मुलगा सरांची नक्कल करत मुद्दाम जाडा आवाज काढतो आणि घसा दाबून ठेवतो. तो मोठेपणाचा हट्ट असतो. हसून सोडून द्या, पण गाताना तो आवाज घेऊ देऊ नका.

एका वर्गात तीन पट्ट्या

'सगळं ठीक आहे हो, पण माझ्याकडे एकच पेटी, एकच तास आणि बावीस मुलं आहेत.' बरोबर. इथे रागांचं एक जुनं नातं मदतीला येतं.

मुलींचा षड्ज काळी चार ठेवा, आणि फुटलेल्या मुलांचा षड्ज त्याच सप्तकात डावीकडची काळी एक. मुलांचा पंचम हा मुलींचा षड्ज झाला, आणि मुलांचा षड्ज हा मुलींचा मध्यम. आता काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार आणि काळी पाच या पाच पट्ट्या घ्या. मुलांनी काळी एकला सा मानून त्या गायल्या तर सा रे ग प ध, म्हणजे भूप. मुलींनी काळी चारला सा मानून त्याच पट्ट्या गायल्या तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. तंबोरा काळी एक आणि काळी चारचा लावला की तोच मुलांना पंचमाचा आणि मुलींना मध्यमाचा लागतो. तबला काळी चारला मिळवला की तो मुलींच्या षड्जात आणि मुलांच्या पंचमात. एका जोडीनं मूर्च्छनेनं (स्वर तेच ठेवून षड्ज बदलून) दोन राग गाण्याची ही युक्ती पंडित जसराजांच्या 'जसरंगी' जुगलबंदीमुळे रसिकांना माहीत आहे. वर्गात तिचा उपयोग फार साध्या कामासाठी होतो.

करायचं असं. आधी मुलींनी दुर्गाचा आरोह-अवरोह सावकाश गायचा, मुलं ऐकतील. मग मुलांनी भूप. मग दोन्ही गटांनी आळीपाळीनं चार चार मात्रांचे तुकडे गायचे, एकाचा तुकडा संपता संपता दुसऱ्याचा सुरू. पट्ट्या त्याच असल्यामुळे कुणीही चुकून दुसऱ्याच्या स्वरावर रेंगाळलं तरी कानाला टोचत नाही. मुलांना फुशारकी वाटते ती वेगळीच.

मधल्या अवस्थेतल्या मुलांचं काय? त्याच पाच पट्ट्यांतली पांढरी चार षड्ज मानली तर कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नी असा मालकंस निघतो. पण इथे सावध राहा. तंबोरा काळी एक-काळी चारचा वाजत असताना या मुलांचा कान काळी एककडेच ओढला जाईल आणि मालकंसाचा षड्ज टिकणार नाही. त्यांच्या पाळीला तंबोरा बंद करा, पेटीवर फक्त पांढरी चार धरून ठेवा. अलंकारांपुरतंच हे करावं. मालकंस शिकवायला तेरावं वर्ष आणि अर्धवट फुटलेला आवाज ही काही मुहूर्ताची वेळ नव्हे.

रियाज: थोडा, हलका, वरून खाली

तासभर सलग रियाज या काळात नको. दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन बैठका पुरे, मध्ये विश्रांती. सुरुवात ओठ मिटून 'म्' च्या गुणगुणण्यानं, नाकाच्या दांड्याला आणि ओठांना गुदगुल्या होतील इतपत. मग ओठ फुरफुरवत सूर घसरवणे. लहान पोरं गाडीचा आवाज काढतात तसं. हे मुलांना बालिश वाटतं, पण स्वतः आधी करून दाखवलंत की सगळा वर्ग करतो. तिसरा प्रकार नळीचा. ग्लासात दोन-तीन बोटं पाणी घ्या, शहाळ्याला वापरतात तशी नळी त्यात बुडवा आणि नळीतून 'ऊ' गात बुडबुडे काढा. बुडबुडे एकसारखे येत असतील तर श्वास एकसारखा आहे. बुडबुडे थांबले की मुलगा घसा आवळतोय, हे तुम्हाला न बोलता दिसतं. या तिन्ही प्रकारांत तोंड थोडं बंद असल्यामुळे आतून उलटा दाब मिळतो आणि स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत.

अलंकार उतरते घ्या. प म ग रे सा, ध प म ग रे, असे. भरीव आवाज रेटत वर नेण्यापेक्षा वरचा हलका आवाज खाली आणणं सोपं आणि निर्धोक. आवाज चिरकला तर थांबवू नका, पुढे जाऊ द्या. 'परत म्हण' म्हटलं की पोरगं पुढच्या वेळी तो सूर येण्याआधीच घसा आवळून बसतं. वरचा पोकळ आवाज, ज्याला फॉल्सेटो म्हणतात, तो आपल्याकडे हिणवला जातो. गाण्यात तो चालणार नाही, हे मान्य. व्यायामात मात्र तो राहू द्या, कारण पुढे तार सप्तकाकडे जायची वाट तो मोकळी ठेवतो.

खर्जाबद्दल दोन शब्द, कारण इथे मतभेद होणार. कंठ फुटला की पहाटे उठवून खर्ज लावायला बसवायची आपल्याकडे परंपरा आहे. पक्क्या आवाजाला खर्ज फार मानवतो. पण नुकत्याच फुटणाऱ्या आवाजाला 'अजून खाली, अजून खाली' करत हनुवटी छातीला टेकवून लावलेला मंद्र पंचम हा खर्ज नव्हे, नुसता दाब आहे. मुलाच्या तळापासून एक पट्टी वर थांबा, हलक्या आवाजात, मोजकी मिनिटं. तळ आपोआप खाली सरकतो. ओढून तो लवकर येत नाही.

काय गाऊ द्यायचं

या काळात पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात) खेळणारे राग निवडा. भूप त्यासाठी सोन्यासारखा: गंधार वादी, विस्तार मंद्र धैवतापासून पंचमापर्यंत भरपूर. अडाणा, सोहनी, बसंत हे उत्तरांगातले राग दोन वर्षं बाजूला ठेवले तरी काही अडत नाही. दरबारीचा मोह फुटल्या आवाजाच्या मुलांना फार असतो, मंद्रात घुमायला आवडतं म्हणून. तोही थांबू दे.

अंतरा तार षड्जावर गेल्याशिवाय राहत नाही, हा खरा पेच. उपाय दोन-तीन आहेत. स्थायी मुलानं गायची आणि अंतरा मुलींनी. किंवा अंतऱ्यातला तेवढा षड्ज हलक्या पोकळ आवाजात नुसता शिवून यायचा. किंवा अंतरा फक्त म्हणून, हातानं ताल देऊन पाठ करायचा; गळ्यात नंतर उतरेल.

नाट्यपदांचं काय करायचं, हा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. जत्रेतल्या नाटकात मुलानं एक पद म्हणावं ही घरच्यांची हौस असते, आणि पद निवडलं जातं ते तानांचं. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांच्या प्रदेशात राहतो आपण. तानेशिवाय पद म्हणजे मिठाशिवाय हुमण. पण पट्टी नुसती खाली आणून हे सुटत नाही, कारण तसल्या पदाचा आवाका दीड-दोन सप्तकांचा असतो आणि मुलाकडे आहेत सहा-सात सूर. वर सोय केली तर खाली तुटतं. मुखडा आणि पहिलं कडवं, ताना गाळून, शब्द स्वच्छ. एवढ्यावर घरच्यांना राजी करा. नाहीच झाले तर त्या वर्षी मुलाला नाटकात भूमिका द्या, पद देऊ नका.

भजनाचं सोपं आहे. कला अकादमीची मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धा असो की गावातली, भजनात झील धरणाऱ्यांना जागा असतेच. मधल्या अवस्थेतला मुलगा झिलीत राहील, टाळ धरेल, पेटीवर बसेल. मुख्य गाणाऱ्याची पट्टी तालमीच्या पहिल्या दिवशी कायमची ठरवू नका. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी पुन्हा मोजा आणि मग ठरवा. पखवाजवाल्याला हे आधी सांगून ठेवलेलं बरं. पट्टी एक-दोन घरं सरकली तर तो ठोकून आणि कणिक कमी-जास्त करून मिळवेल, पण काळी चारचा पखवाज ऐनवेळी काळी एकला आणा म्हणालात तर शिव्या खाल.

गळ्याला जेवढं कमी काम, तेवढं हाताला आणि कानाला जास्त द्या. पेटी वाजवायला शिकवायची याहून चांगली वेळ नाही. बोटं सूर शोधत राहिली की कान जागा राहतो. तालाचे ठेके हातावर दुगुन-चौगुनीत म्हणणं, बंदिशी स्वरलिपीत लिहिणं, ऐकलेल्या आलापाचे स्वर ओळखणं. मध्यमाच्या परीक्षेचा शास्त्राचा भाग असा सहज उरकतो. परीक्षेत पट्टी विद्यार्थ्यानं स्वतःची घ्यायची असते, त्यामुळे पांढरी चारमध्ये परीक्षा देण्यात कमीपणा नाही. आवाज फारच डळमळीत असेल तर सत्र पुढे ढकला. एप्रिल-मेचं सत्र चुकलं तर नोव्हेंबर-डिसेंबरचं आहे.

मुलींचा आवाजही बदलतो

मुलींकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण त्यांचा आवाज चिरकत नाही. साधारण अकरा ते चौदा या वयात त्यांच्या आवाजात हवा मिसळते. स्वरतंतू मागच्या बाजूला पूर्ण मिटत नाहीत, फट राहते, आणि आवाज धुरकट येतो. शिक्षक म्हणतात 'तोंड उघड, जोर लाव'. जोर लावून फट मिटत नाही. मुलगी घसा आवळून ती झाकते आणि ही सवय पुढे तिशीपर्यंत टिकते. तिलाही नळीचा आणि गुणगुणण्याचा व्यायाम द्या, सूर छोटे ठेवा, श्वास मध्येच तुटला तर तुटू द्या. काळी पाचमध्ये गाणारी मुलगी काळी चारला किंवा पांढरी पाचला आणावी लागते. तिला 'तुझाही आवाज बदलतोय' हे कळलं की अर्धी चिंता जाते. पाळीच्या दिवसांत काहींचा आवाज जड वाटतो. कारण न विचारता बसून ऐकायची मुभा ठेवा.

घसा सांभाळणे

चवथीच्या आरत्या, शिगम्याचं रोमटामेळ, सप्ताहाचं जागरण आणि फुटबॉलचं मैदान ही गोव्यातल्या पोरांच्या घशाची चार संकटं. आरती म्हणू नको असं सांगून कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. फक्त घुमट-शामेळाच्या गजरात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडतो, हे मुलाला समजावून द्या. एका कानावर हात ठेवून गायला सांगा. आवाज लगेच खाली येतो. मैदानात शिट्टी किंवा हाक मारायला दुसरा भिडू.

पाणी भरपूर. उशिरा, तुडुंब जेवून लगेच आडवं होणं वाईट, कारण आम्लपित्त वर येऊन स्वरयंत्राला भाजतं. आंबट खाल्ल्यानं आवाज जातो, सोलकढी बंद कर, या गोष्टी मी वर्गात सांगत नाही. अन्न स्वरतंतूंवरून जातच नाही. घसा सतत खाकरणं आणि घसा बसल्यावर कुजबुजून बोलणं, या दोन सवयी मात्र मोडा.

वर्गातली जीभ

आवाज चिरकल्यावर हसणारा एक तरी असतो. पहिल्याच दिवशी सांगून टाका की हसणाऱ्याचाही नंबर लागणार आहे, कुणाचा दिवाळीला, कुणाचा शिगम्याला. 'बेडूक', 'फाटका भोंगा' ही विशेषणं शिक्षकांच्या तोंडून तर नकोतच, गमतीनंही नकोत. घरच्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच बोलावून वहीची कल्पना द्या. विशेषतः लहानपणी बक्षिसं मिळवलेल्या मुलाच्या आईवडिलांना, कारण जुना आवाज परत यावा म्हणून सगळ्यांत जास्त ओढ त्यांनाच असते आणि तो परत येणार नसतो.

डॉक्टरकडे केव्हा

घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त सतत राहिला, गाताना किंवा बोलताना दुखलं, आवाज पूर्ण बंद झाला किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) तो विभाग आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, मिसरूड फुटलेलं, कंठमणी दिसतोय आणि बोलणं अजून बारीक आवाजातच, तर बहुधा जुन्या आवाजाची सवय सुटलेली नसते. वाचा-उपचारानं हे बहुतेकदा लवकर सुटतं, म्हणून लाजून वर्षं घालवू नयेत. मुलाला नवव्या वर्षाच्या आतच वयात येण्याच्या खुणा दिसल्या, किंवा चौदा पूर्ण होऊनही एकही खूण नाही, तर गाण्याचा विषय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञ.

पट्टी ठरली असं केव्हा म्हणायचं

लागोपाठच्या सहा महिन्यांत वहीतला बोलण्याचा सूर आणि तळ हललेला नसेल, आणि रिकामी जागा भरून आलेली असेल, तर आवाज बसू लागलाय असं धरा. आता मुलगा काळी दोनमध्ये असेल तर रियाज हळूहळू वाढवा, तार षड्ज मागायला लागा, ताना मध्य लयीत आणा. माथा अजून वर्ष-दीड वर्ष उघडत राहतो. घाई दिसली की उतरत्या अलंकारांवर परत या.

पालक बहुधा याच वेळी विचारतात की चांगला तंबोरा घेऊ का. मर्दानी तंबोऱ्याची तुंबा-दांडी आणि तारा खालच्या पट्टीसाठी बेतलेल्या असतात, जनानी तंबोरा वरच्या पट्टीचा. म्हणून सहा महिन्यांची वही पाहिल्याशिवाय मिरजेला ऑर्डर देऊ नका. तोवर फोनवरचं तानपुरा ॲप अर्ध्या सुरानं वर-खाली करता येतं आणि तेवढं पुरतं. पेटी घ्यायचीच असेल तर स्केल चेंजर घ्या, कारण धाकटी बहीण पुढच्या वर्षी काळी चारमध्ये गाणार असते.